मेडिकलच्या आधीचे तीन दिवस

माझ्या धाकट्या दिरांचं मेडिकल असलं की त्यांच्या घरी तीन दिवस बिनमिठाचं शिजायचं. भावजी जहाजावर फिटर होते. इंजिनरूममध्ये जे मोडतं, गळतं, गंजतं ते कापायचं, जोडायचं आणि पुन्हा जागेवर बसवायचं, हे त्यांचं काम. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग तीन-चार महिने घरी, मग नवं कॉन्ट्रॅक्ट. प्रत्येक वेळी जहाजावर चढण्याआधी मेडिकल. फिट निघालात तर जहाज, नाही तर घरी बसा. वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि भावजी एकदाही घरी बसले नव्हते.

त्याचं थोडं श्रेय माझ्याकडे होतं. मी तळोज्याला एका केमिकल कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट-बोल्टपासून हातमोज्यांपर्यंत काय आलं, काय गेलं, काय संपत आलंय, हे लिहून ठेवणं माझं काम आहे, आणि घरीही मला त्याशिवाय चैन पडत नाही. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. माझे मिस्टर वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर असतात, पहाटे जातात आणि दुपारी येऊन झोपतात. नेरूळला एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि भावजी पहिल्या. जाऊ बालवाडीत शिकवते. तिला सकाळची सुट्टी मिळत नाही, म्हणून भावजींबरोबर कुठल्याही ऑफिसात, दवाखान्यात जायचं तर मीच जायचे. तशी ती सवय पडली आणि सवय पडली की मी यादी करते.

मेडिकलची यादी मी भावजींच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. तीन दिवस आधीपासून मीठ, लोणचं, पापड बंद, कारण चाळिशीनंतर त्यांचं बीपी वर जायला लागलं होतं. दोन दिवस आधी केसांना कलप. आदल्या दिवशी कान साफ करून घेणे, रात्री नऊला झोप. त्या दिवशी दाढी, इस्त्रीचा शर्ट, चहा नाही. बीपी बघायच्या आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसणे. आणि शेवटची ओळ, जाड अक्षरात: विचारतील तेवढंच बोलणे, आणि ‘ठीक आहे सर’ म्हणणे.

एका वर्षी गुडघा सुजलेला असताना ते डॉक्टरांसमोर दहा उठाबशा काढून आले होते. घरी आल्यावर बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून हसत होते. त्यांच्याबरोबरची सगळीच माणसं असं करायची. कुणी डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करायचं, कुणी सकाळी लिंबूपाणी पिऊन जायचं. भावजी म्हणायचे, “जहाजवाल्याला दुखत नसतं, वहिनी. दुखायला लागलं की तो जहाजवाला राहत नाही.” मला तेव्हा ते वाक्य आवडायचं.

अपघात झाला तो असा. एका पंपाची मोटर साखळीच्या कप्पीनं उचलत होते. जहाज कललं, मोटर झोक्यासारखी फिरली आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर येते असं बघून भावजींनी उजवा हात मध्ये घातला. माणूस वाचला. भावजींच्या खांद्यातून काहीतरी फाटल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. पुढचं बंदर बारा दिवसांवर होतं. तोपर्यंत मलम आणि गोळ्या. तिथल्या डॉक्टरांनी तपासून जहाजावरून उतरवलं, कंपनीनं विमानानं घरी आणलं. इथे ऑपरेशन झालं, कंपनीनंच केलं. मग सहा महिने फिजिओथेरपी. यात कंपनीनं काही कमी केलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. भांडण पुढे सुरू झालं.

फिजिओथेरपी संपली तेव्हा हात खांद्याच्या उंचीपर्यंत जायचा आणि तिथे अडायचा. करारात असं होतं की कामावर जखमी झालेल्या खलाशाला कंपनीचा डॉक्टर तपासतो आणि अपंगत्व किती टक्के ते ठरवतो. त्याहूनही महत्त्वाचा एकच प्रश्न असतो: हा माणूस पुन्हा जहाजावर काम करू शकेल की नाही. नाही म्हटलं तर कंपनीला कायमची भरपाई द्यावी लागते. हो म्हटलं तर टक्क्यांप्रमाणे थोडंफार देऊन विषय संपतो. भावजींचं घर त्यांच्या जहाजावरच चाललं होतं. त्यामुळे या एका ‘हो’ किंवा ‘नाही’वर पुढची सगळी वर्षं अडकली होती, आणि आम्हाला ते चांगलं माहीत होतं.

माहीत असूनही काय केलं ते लिहिते.

शुक्रवारी कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसातून मेल आली: बुधवारी सकाळी दहा वाजता अमुक डॉक्टरांकडे मेडिकल. जाऊनं वर येऊन मला वाचून दाखवली. मी खाली गेले, कपाटाचं दार उघडलं आणि यादी वाचायला लागले. रविवारपासून मीठ बंद. सोमवारी कलप. मंगळवारी कान. एकालाही, मला नाही, जाऊला नाही, भावजींना तर नाहीच, असं वाटलं नाही की आपण हे कशासाठी करतोय. उलट मी यादीत एक ओळ वाढवली. बुधवारी सकाळी साडेसातला दुखणं थांबवायची गोळी. आठला अजून एक. म्हणजे डॉक्टरांसमोर बसल्यावर चेहरा वेडावाकडा व्हायला नको.

डॉक्टर भले होते. त्यांनी विचारलं, कसं वाटतंय. भावजी म्हणाले, “ठीक आहे सर.” हात पुढे न्या, बाजूला न्या, वर न्या. दोन गोळ्या पोटात आणि वीस वर्षांची सवय अंगात. भावजींनी दात आवळले आणि हात कानाला लावला. मी शेजारी बसून होते. मला आठवतंय, मला बरं वाटलं. मुलाला पाढे म्हणता आले की आईला वाटतं तसं. डॉक्टर म्हणाले, छान सुधारणा आहे. बीपी बघितलं, तेही उत्तम होतं.

बाहेर येऊन आम्ही जवळच मसाला डोसा खाल्ला, तीन दिवसांनी मिठाचा. भावजी म्हणाले, “पास झालो वाटतं.” मी म्हटलं, झालातच.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. अपंगत्व आठ टक्के. हलक्या कामास योग्य. शेवटी एक ओळ होती, की जहाजावरील सेवेस कायमस्वरूपी अयोग्य असल्याचं आढळत नाही. त्याला जोडून कंपनीचं पत्र, आठ टक्क्यांचा हिशोब आणि सही करायची जागा. जाऊ रिपोर्ट दोनदा वाचून म्हणाली, “ताई, जहाजावर हलकं काम कुठलं असतं?” भावजींना माहीत होतं की नसतं. इंजिनरूममध्ये सगळं डोक्याच्या वर नाही तर पायाच्या खाली असतं, आणि ज्याच्या हातात पाना वर धरायची ताकद नाही त्याला कुणी शिडी उतरू देत नाही.

माझ्या लक्षात सगळं वकील मॅडमच्या ऑफिसात आलं. बेलापूरला त्यांचं छोटं ऑफिस आहे, त्या फक्त खलाशांचीच प्रकरणं घेतात. जाड भिंगाचा चष्मा, समोर फायलींचा ढीग. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, तपासणीच्या दिवशी गोळी घेतली होती का. मी म्हटलं, हो, दोन. कुणी दिल्या? मी. आणि हा माणूस इतका टापटीप कसा गेला, त्यांनी विचारलं, कारण डॉक्टरांनी ‘उत्साही आणि आत्मविश्वासपूर्ण’ असंही लिहिलं होतं. मग मी यादीबद्दल सांगितलं. सगळी सांगितली, मिठापासून.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई,” त्या म्हणाल्या, “कंपनीनं तुम्हाला पगारावर घ्यायला हवं.”

भावजी हसले. मी नाही हसले. घरी येताना बसमध्ये भावजी मला म्हणाले की तुमची चूक नाही, मीच हात वर केला. पण मी कारखान्यात पंचवीस वर्षं काढलीत. आमच्याकडे कुणाला काही लागलं की कुठे लागलं, कसं लागलं, किती हलतंय, सगळं अपघाताच्या रजिस्टरमध्ये जसंच्या तसं उतरवायचं असतं, तो नियमच आहे. बाहेरच्या पोरांना मी हे शिकवत आले. आणि घरच्या माणसाच्या बाबतीत गोळी देऊन, कलप लावून पाठवलं.

मॅडमनी पुढचा रस्ता सांगितला तो सरळ होता. आपण आपला डॉक्टर दाखवायचा. त्याचं आणि कंपनीच्या डॉक्टरचं जमलं नाही तर दोन्ही बाजूंनी मिळून तिसरा डॉक्टर निवडायचा. तो म्हणेल ते दोघांनी मान्य करायचं, त्यावर मग बोलणं नाही. आम्ही निवडलेल्या वाशीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी, गोळी न देता, तपासलं आणि लिहिलं की हात खांद्याच्या वर जात नाही, वजन पेलत नाही, जहाजावर काम करणं शक्य नाही. कंपनी म्हणाली, आमच्या डॉक्टरांसमोर तर कानापर्यंत गेला होता. मग तिसरे डॉक्टर ठरले, पनवेलचे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली.

तारीख कळली तेव्हा मॅडमनी एक गोष्ट तीनदा सांगितली. या दीड महिन्यात कुठलंही दुसरं मेडिकल करायचं नाही. कुठल्याही एजंटकडे, कुठल्याही जहाजासाठी. एक फिटचं सर्टिफिकेट निघालं की तिसऱ्या डॉक्टरकडे जायची गरजच उरणार नाही. मी ते लिहून घेतलं आणि भावजींना वाचायला दिलं. त्यांनी मान हलवली.

मधल्या काळात मी नवी यादी करायला घेतली. मॅडमनीच सुचवलं होतं, की रोजच्या कामात हात कुठे अडतो ते लिहून ठेवा. जाऊ लिहायची, मी रविवारी नीट उतरवून घ्यायचे. वरच्या फळीवरचा कुकर काढता येत नाही. दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत. बनियन घालताना आधी उजवा हात घालावा लागतो, तोही डाव्यानं धरून. बसमध्ये वरचा दांडा धरता येत नाही. मला ही यादी फार उपयोगाची वाटत होती. भावजींना ती फ्रिजवर लावलेली सहन होईना. एके दिवशी त्यांनी ती काढून कणकेच्या डब्याखाली ठेवली. जाऊनं विचारलं तर म्हणाले, “माझ्या घरात मला रोज माझ्याच नावानं बोंब वाचायची नाही.” मग आम्ही वही केली आणि ती जाऊच्या पर्समध्ये राहायला लागली.

पनवेलच्या तारखेला आठ दिवस होते. सोमवारी संध्याकाळी जाऊ वर आली, दारातच उभी राहिली. माझे मिस्टर झोपलेले, म्हणून तिनं हळूच सांगितलं.

“ताई, हे कालपासून मीठ खात नाहीत.”

मी विचारलं, आजारी आहेत का. नाही. बीपीची गोळी? घेतात. मग? काय माहीत. मी तिला केसांबद्दल विचारलं. ती म्हणाली, आज दुपारी कलप लावला, म्हणाले पांढरे दिसतात. तिला अजून काही कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मी चपला घातल्या. कुठे असतील, विचारल्यावर म्हणाली, सारसोळ्याच्या जेट्टीवर.

घरी आल्यापासून भावजी तिथे जायला लागले होते. सारसोळ्याचे मच्छीमार तिथे होड्या लावतात. एका म्हाताऱ्या कोळीबाबांच्या होडीचं इंजिन कायम बिघडलेलं असायचं आणि भावजी डाव्या हातानं ते दुरुस्त करत बसायचे. मी पोचले तेव्हा ओहोटी होती, चिखलाचा वास सुटला होता. दोघं होडीच्या काठावर बसले होते. मला बघून कोळीबाबा म्हणाले, “या वयनी. तुमचा मिस्त्री हाय का इंजिन खोलणारा, ह्यानं माझा पयला इंजिन पन खोलला नि दुसरा पन. आता एक पन चालत नाय.”

भावजी म्हणाले की बाबा, ते तुम्ही रॉकेल टाकलंत म्हणून. बाबा म्हणाले, बोलाला काय जातंय. मी त्यांच्या बोलण्याला हसले आणि भावजींच्या शेजारी जागा होती तिथे बसले. मग विचारलं.

“मीठ का सोडलंत भावजी?”

“बीपी.”

“तुमचं बीपी मेडिकलच्या आधीच वाढतं. कधी आहे?”

बुधवारी, ते म्हणाले. एका छोट्या एजंटकडे. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारं जुनं जहाज, कोचीनपर्यंत. तिथे फार तपासत नाहीत. मग एकदम म्हणाले, “वहिनी, पनवेलच्या डॉक्टरनं अनफिट लिहिलं की माझं खलाशाचं पुस्तक संपलं. मग कुठलाच एजंट फोन उचलणार नाही. आत्ता मी चव्वेचाळीस आहे. घरी बसून करू काय? तुमच्या वहीत नाव लिहून घेऊ?”

मी त्यांना वकील मॅडमनी तीनदा काय सांगितलं ते पुन्हा सांगितलं नाही. त्यांना ते माहीतच होतं. त्या हातानं जहाजावर काम तरी होईल का, हा माझा प्रश्न होता. होडीत डिझेलचा पाच लिटरचा कॅन होता, भरलेला. मी बाबांना विचारलं की जरा घेऊ का. ते म्हणाले घ्या की, तुमचाच हाय.

“उजव्या हातात धरा,” मी म्हटलं. “डोक्याच्या वर. वीसपर्यंत मोजते. वीस झाले तर बुधवारी मी स्वतः तुमच्याबरोबर येते, शर्टाला इस्त्री करून.”

“वहिनी, नाटकं नकोत.”

“मेडिकलला नाटक चालतं आणि इथे नाही?”

त्यांनी कॅन घेतला. डाव्या हातानं उजव्याला आधार देत वर नेला, मग डावा काढला. मी मोजायला लागले. चारपर्यंत हात तसाच राहिला. पाचला कोपर वाकलं. सहाला कॅन चिखलात पडला, झाकण घट्ट होतं म्हणून सांडलं नाही. भावजींनी हात छातीशी धरला आणि तोंड दुसरीकडे केलं. त्या दिवशी त्यांनी गोळी घेतलेली नव्हती.

बाबा उठले, कॅन उचलून धोतरानं पुसला आणि जागेवर ठेवला. मग म्हणाले, माझा भाऊ असाच मेला, दुकतंय म्हनून कुनाला बोलला नाय, जाल्यासकट पान्यात गेला. दोन शब्दांत सांगितलं आणि परत इंजिनाकडे वळले.

थोड्या वेळानं भावजी म्हणाले, “खाली उतरायची शिडी उभी असते वहिनी. दहा-बारा मीटर. मी वर कसा येणार होतो, याचा विचारच केला नव्हता.”

मी म्हटलं, मीही तेव्हा केला नव्हता, यादी करताना. मग आम्ही घरी निघालो. वाटेत त्यांनी फोन काढून एजंटला मेसेज केला की बुधवारी जमणार नाही. मला दाखवला नाही, पण सांगितला. घरी जाऊनं वरणभात केला होता, पापडही भाजला होता.

पनवेलला जायच्या दिवशी मी कुठलीच तयारी केली नाही. हे मला जड गेलं. सकाळी भावजींनी विचारलं, शर्ट कुठला घालू. मी म्हटलं, हाताला येईल तो. ते चुरगळलेला टी-शर्ट घालून आले, दाढीही वाढलेली. बसमध्ये मी पर्समधली, जाऊनं दिलेली वही चाचपत होते. मी मनात उत्तर तयार केलं होतं. डॉक्टरांनी विचारलं की तेव्हा हात कानापर्यंत कसा गेला, तर मी सांगायचं की गोळ्या मी दिल्या, यादी माझी होती. खोटं नाही, बचाव नाही, जे झालं तेवढंच.

बाहेर कंपनीच्या ऑफिसातला माणूस फाइल घेऊन बसला होता, आमच्या मॅडमही होत्या. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, चहा एकच आला तर त्या माणसानं तो मॅडमकडे सरकवला. आत घरच्या एका माणसाला परवानगी होती. मी गेले.

डॉक्टर वयस्कर, बोलायला सावकाश. त्यांनी आधी दुसऱ्याच गोष्टी विचारल्या. गाव कुठलं, किती जहाजं केली, मुलं किती. मग खांदा दाबून बघितला. दुखतं का म्हटल्यावर भावजींच्या तोंडून निघालं, “ठीक आहे सर.” मी हातातली वही घट्ट धरली.

“हात वर न्या,” डॉक्टर म्हणाले.

हात खांद्यापर्यंत गेला. तिथे अडला. आणि मग मला दिसलं की भावजी अंग डावीकडे झुकवतायत. अंग झुकलं की हात उंच गेल्यासारखा वाटतो. ही युक्ती ते मुद्दाम करत नव्हते. वीस वर्षं पास होता होता ती अंगात बसली होती.

“अंग सरळ ठेवा. आता फक्त हात.”

भावजी सरळ झाले. हात खांद्याच्या रेषेत थरथरायला लागला. कपाळावर घाम आला. डॉक्टर घाई करत नव्हते, हातात कोन मोजायची पट्टी घेऊन उभे होते. मग भावजींनी हात खाली घेतला.

“जात नाही, सर.”

डॉक्टरांनी आधीचा रिपोर्ट उघडला. इथे कानापर्यंत लिहिलंय, म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात भावजीच बोलायला लागले. त्यांनी सगळं सांगितलं. मीठ, कलप, साडेसातची गोळी आणि आठची गोळी. गुडघा सुजला असताना काढलेल्या उठाबशा. त्या आधीच्या वर्षाचं कंबरेचं दुखणं, ज्याबद्दल मलाही माहीत नव्हतं. गेल्याच आठवड्यात दुसऱ्या जहाजाचं मेडिकल द्यायला निघालो होतो, तेही सांगितलं. माझं नाव त्यात कुठे आलं नाही. बाहेर मॅडमनी हे ऐकलं असतं तर त्यांना घाम फुटला असता. पण डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला.

“जहाज हलत असताना शिडीवर कुठला हात वर असतो?”

“ते जहाज ठरवतं, सर.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग मला म्हणाले, वहिनी, ती वही मला बघू द्या. मी दिली. त्यांनी चार-पाच पानं वाचली आणि परत केली. बनियनची ओळ वाचून त्यांनी भावजींना तसं करून दाखवायला सांगितलं. भावजींनी टी-शर्ट काढला आणि घातला. त्याला किती वेळ लागतो ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. खांद्याची हालचाल कायमची मर्यादित, जहाजावरील सेवेस कायमस्वरूपी अयोग्य. टक्केवारी वेगळी होती, पण मॅडम म्हणाल्या की त्या ओळीपुढे टक्केवारीला आता अर्थ नाही. कंपनीनं पैसे द्यायला चार महिने लावले, दोन स्मरणपत्रं पाठवावी लागली, मग दिले. भांडण म्हणून जे होतं ते तिथे संपलं. अजूनही कंपनीच्या ऑफिसातला तो माणूस दिवाळीला भावजींना मेसेज करतो.

पण रिपोर्ट आला त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. भावजींनी तो वाचला, जाऊला वाचायला दिला, आणि मला विचारलं की जहाजावरून सामान मागवायला पत्र लागतं का. मला कळेना कुठलं सामान. मग कळलं. आजारी पडून उतरलेला माणूस सगळं सामान बरोबर आणत नाही. कपडे आणतो. हत्यारांची पेटी तिथेच लॉकरमध्ये ठेवतो, कारण आपण परत त्याच जहाजावर येऊ अशी त्याची समजूत असते. भावजींची पेटी वीस वर्षांत स्वतःच्या पैशानं एकेक घेऊन भरलेली होती. त्यांच्या जागी आता असलेला फिटर रत्नागिरीकडचा होता, दोघांची ओळख नव्हती. नंबर कंपनीच्या ऑफिसातून मिळाला.

मी म्हटलं, पत्र मी लिहिते, कुठल्या बंदरात उतरवतील, कोण आणेल. त्यांनी मला थांबवलं. फोनवर डाव्या अंगठ्यानं हळूहळू मेसेज टाइप केला आणि पाठवण्याआधी आम्हा दोघींना वाचून दाखवला. लॉकरची किल्ली कुककडे आहे. पेटीतलं सगळं तुझं. मी आता येत नाही.

जाऊ उठून स्वयंपाकघरात गेली. मीही तिच्या मागून गेले. तिनं कुकर लावला.

जहाजाला नेट मिळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या फिटरचं उत्तर आलं. आभार वगैरे होतंच, शिवाय एक प्रश्न होता: पेटी मिळाली, सगळं जागेवर आहे, फक्त सतरा नंबरचा पाना दिसत नाही.

भावजींनी लगेच उत्तर टाकलं. मधल्या पंपाच्या मागे वाकून बघ, पाइपवर ठेवलाय.